मोहावीच्या गायरानात दोन रात्री

अण्णांना बेत सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "भाडं किती?"

"काही नाही."

"मग जागा कुणाची?"

"सरकारची."

"आन् सरकार फुकट झोपू देतं?" एवढं म्हणून त्यांनी टॅबवरचा पेपर पुन्हा उघडला. म्हणजे विषय संपला.

अण्णा माझे वडील. माण तालुक्यातल्या दहिवडी डेपोला चौतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. सत्तरी ओलांडल्यावर आमच्याकडे सॅन दिएगोला चार महिन्यांसाठी आले होते. आई आधी दोनदा येऊन कंटाळून गेली होती, ह्या खेपेला ती आलीच नाही. पहिल्या महिन्यात आम्ही अण्णांना दाखवायचं ते सगळं दाखवलं, आणि त्यांचा शेरा एवढाच पडला की सगळीकडं तिकीट आन् सगळीकडं रांग. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मोहावीच्या वाळवंटात तंबू ठोकून राहायचं मी ठरवलं. मी स्वतः आधी दोनदा जाऊन आलो होतो, पण मित्रांच्या मोठ्या गाड्यांमागून, त्यांनी ठरवलेल्या जागी. सगळं आपण ठरवून जायची ही पहिलीच वेळ.

जागा म्हणजे नेमकं काय हे त्यांना पटेना. 'पब्लिक लँड' म्हटलं तर त्यांना बाग वाटे, 'सरकारी जंगल' म्हटलं तर फॉरेस्टचा गार्ड आठवे. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, गायरान आहे ते." तेव्हा मात्र त्यांनी टॅब बाजूला ठेवला. उपमा मी सहज दिली खरी, पण ती फार चुकीची नव्हती. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ज्या जमिनी कुणी कसायला घेतल्या नाहीत, त्या सरकारकडेच राहिल्या. मोकाट चराईनं त्यांचं वाटोळं व्हायला लागलं तेव्हा 1934 साली टेलर ग्रेझिंग नावाचा कायदा करून चराईला परवाने लावले. चराई बघणारं ते खातं आणि जमिनींचं जुनं खातं 1946 साली एकत्र केलं आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट झालं. आज त्यांच्या ताब्यात साधारण 24.5 कोटी एकर आहेत. अमेरिकेतल्या दर दहा एकरांमागे एक एकर त्यांचा.

अण्णांचा पुढचा प्रश्न माणच्या माणसाला शोभणाराच होता. "अतिक्रमण न्हाय करत कोण?"

त्याचंच उत्तर नियमात आहे. एका जागी 28 दिवसांत जास्तीत जास्त 14 दिवस राहता येतं. मग उठायचं, आणि आमच्या भागात तरी निदान 25 मैल लांब जायचं. चौदा दिवसांत कुणी पत्रा टाकत नाही.

"ह्यांचा तलाठी हुशार हाय," अण्णा म्हणाले. आणि येतो म्हणाले.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ नकाशानं खाल्ला. ह्या खात्याची जमीन नकाशावर पिवळी दाखवतात. पण मोहावीत बऱ्याच ठिकाणी ती सलग पिवळी नाही, बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. रेल्वे टाकायच्या काळात कंपन्यांना एक आड एक चौरस मैलाचे तुकडे बक्षीस दिले, त्याचा हा पट. पांढऱ्या चौकोनात तंबू ठोकला तर तो दुसऱ्याच्या शेतात ठोकल्यासारखा. आम्ही निवडला तो पट्टा रूट 66 ह्या जुन्या हायवेच्या कडेचा, अँबॉय गावाच्या पूर्वेकडचा. 2016 साली ओबामांनी 16 लाख एकरांचं मोहावी ट्रेल्स राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, त्यात तो येतो. तिथं फोनला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घेतले. कुठं असणार आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे कागदावर लिहून ऑफिसातल्या एका मित्राकडे दिलं.

पाण्याचा हिशोब माणशी रोज 4 लिटर. तिघं, तीन दिवस, म्हणजे 36. मी 50 घेतले, वर गाडीसाठी 10. अण्णांनी कॅन मोजले आणि म्हणाले, लग्न हाय का? बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेला माणूस. पाण्याच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नाही, पण ह्या हवेत घाम दिसत नाही, येता येता वाळतो, आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्यांना सांगावं लागलं.

शेकोटीला परवाना लागतो. तो फुकट आहे, एक व्हिडिओ बघून चार प्रश्नांची उत्तरं दिली की मिळतो, आणि नुसता गॅसचा स्टोव्ह पेटवायचा असला तरी लागतो. वणव्याच्या दिवसांत शेकोटीवर बंदीही येते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ते परत बघून घेतलं. लाकूड घरून न्यायचं, तिथलं वाळकं झुडूपसुद्धा मोडायचं नाही. जाळ जमिनीवर न करता पत्र्याच्या भांड्यात करायचा. त्यासाठी मी एक गोल टब आणला. अण्णांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, घमेलं हाय की हे. तेव्हापासून ते घमेलंच झालं.

राहिला संडास. तो तिथं नसतो. सहा इंच खड्डा करून पुरणं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण वाळवंटातल्या कोरड्या मातीत काहीच लवकर कुजत नाही, आणि कागद तर कोल्हे उकरून काढतात. त्यापेक्षा पिशव्या मिळतात. आत पावडर असते, तिनं सगळ्याचा घट्ट गोळा होतो, वरची पिशवी बंद करून परत आणायची आणि कचऱ्यात टाकायची. हे मी अण्णांना शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गावात ग्रामस्वच्छता अभियानात एवढं केलं नव्हतं बाबा." बायको स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, तिथून तिचं हसू ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. ट्वेंटीनाइन पाम्सला टाकी भरली. ही इथली रीतच, पुढं पन्नासेक मैल काही नाही. खिंड उतरलं की समोर ब्रिस्टल ड्राय लेक लागतं, म्हणजे तळ्याची नुसती जागा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर खणून त्यात खारं पाणी साठवतात आणि मीठ काढतात. अण्णा काच खाली करून बघत राहिले. समुद्र नसताना मिठागर त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

अँबॉयच्या पश्चिमेला दोन मैलांवर त्याच नावाचा ज्वालामुखी आहे. जळक्या दगडांचा 250 फूट उंच शंकू, 1973 पासून राष्ट्रीय निसर्गखूण म्हणून नोंदलेला. जाऊन-येऊन तीन मैल. पश्चिमेकडून कडा फुटलेला आहे, त्या खिंडारातून थेट आत जाता येतं. उन्हाळ्यात इथं पाय ठेवू नये, सावलीला एक झुडूप नाही. नोव्हेंबरात मात्र हवा सुरेख होती. मला वाटलं होतं अण्णा वाटेत बसतील. ते बसले, पण दगड बघायला. काळा, भोकाभोकांचा बसाल्ट. "हा तर आपला कातळ!" म्हणून त्यांनी एक दगड हातात घेऊन वजन केलं, आणि परत होता तिथंच, होता त्याच बाजूनं ठेवला. सह्याद्री असाच लाव्हा थरावर थर साचून झालाय, हे मी त्यांना सांगत बसलो. त्यांना ते खरं वाटलं नाही, मला वेळेचं भान राहिलं नाही, आणि गाडीपाशी आलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी तिथं साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जागा उजेडात शोधायची असते हा पहिला धडा मला पाठ होता, आणि तोच मी मोडला होता.

रूट 66 नं पूर्वेला निघालो. रस्त्याच्या उत्तरेला मैलोन् मैल मातीचे बांध आहेत, आणि त्यांच्या उतारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दगड मांडून आपापली नावं लिहिलीत. बायको नावं वाचत होती. अण्णा म्हणाले, "बांध कशाला घातलाय पर?" मी म्हटलं, असेल काहीतरी. माझं लक्ष कच्च्या रस्त्याच्या फाट्याकडे होतं.

फाटा मिळाला. दीड मैल आत गेल्यावर गाडी रुतली.

आमची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, आणि ह्या तीन शब्दांवर माझा नको तेवढा विश्वास होता. पुढं मऊ वाळूचा पट्टा दिसत होता, मी वेग कमी केला, नेमका तिथंच कमी करायचा नसतो, आणि गाडी हळूहळू खाली बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागून वाळूचा फवारा उडाला.

"रेस नको दिऊस!" मागच्या सीटवरून असा आवाज आला की माझा पाय आपोआप उचलला गेला. चौतीस वर्षांचा आवाज होता तो.

खाली उतरून बघितलं तर मागची चाकं निम्मी आत. अण्णांनी ताबा घेतला. फावडं माग, चाकापुढची वाळू काढ, पायपुसणी टाक. इथवर आमचं जमलं. मग मी टायरमधली हवा सोडायला बसलो आणि आमचं वाजलं. हवा कमी करून चालवलेला टायर तापतो, फाटतो, घाटात माणसं मरतात, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मी सांगत होतो की वाळूत उलटं आहे, हवा कमी केली की टायर पसरतो आणि उंटाच्या पायासारखा वरच्या वर चालतो. "तू उटं चालवली हायीत का?" असं म्हणून ते पाठ करून उभे राहिले. मी चारही टायर 33 पौंडांवरून 18 वर आणले. एका टायरला दोन-अडीच मिनिटं लागतात. तेवढ्या फुसफुशीत कुणी काही बोललं नाही.

रिव्हर्स टाकला. गाडी एकदा डचमळली आणि आल्या वाटेनं बाहेर आली. अण्णांनी पायपुसणी झटकून जागच्या जागी ठेवली. टायरबद्दल त्या दिवशी पुढं शब्द नाही.

उजेड जेमतेम वीस मिनिटांचा उरला होता आणि समोर मला हवी तशी जागा होती. सपाट, चाळून अंथरल्यासारखी वाळू, एक खडा नाही, दोन्ही बाजूंना छातीएवढे काठ, म्हणून वाराही नाही. मी तंबूची पिशवी तिथं नेऊन टाकली.

अण्णा काठावरच उभे होते. "हितं झोपायचं न्हाय."

"का?"

"वढा हाय ह्यो."

मला माहीत होतं. इंग्रजीत त्याला 'वॉश' म्हणतात, आणि वॉशमध्ये तंबू ठोकू नये हे प्रत्येक पाटीवर लिहिलेलं असतं. पण आभाळात ढग नव्हता, अंदाजात पाऊस नव्हता, पोटात भूक होती. अण्णा खाली उतरले आणि एका झुडपापाशी मला बोलावलं. झुडपाच्या फांद्यांत, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, काटक्या, सुकलेलं गवत आणि प्लॅस्टिकच्या दोरीचा तुकडा असं सगळं गच्च अडकलेलं होतं. पलीकडच्या झुडपातही तसंच, त्याच उंचीवर, त्याच बाजूला वाकलेलं. ते त्यांनी बोटानं दाखवलं. मग लांबवरच्या डोंगराकडे बोट नेलं, आणि तिथून खाली रस्त्याकडे. "तिकडं पडला तर हितं सांगून येतंय का पाणी? उगंच बांध घातल्यात व्हय त्येंनी?"

ते बांध त्यासाठीच आहेत. डोंगरातून येणारा लोंढा अडवून लाकडी पुलांकडे वळवायला. मी ते वाचलं होतं, त्यांनी नुसतं बघून ओळखलं. माणगंगेच्या कोरड्या पात्रात असंच झोपलेल्या मेंढरांच्या कळपाची गोष्ट त्यांनी नंतर शेकोटीपाशी सांगितली, ती इथं सांगत नाही.

पन्नास पावलांवर वर, खडकाळ पण आधी कुणीतरी वापरलेली जागा मिळाली. दगडांची जुनी चूल होती. वापरलेलीच जागा घ्यावी हाही नियम, वाळवंटातली जमीन एकदा तुडवली की वर्षानुवर्षं खूण राहते. तंबू टॉर्चच्या उजेडात लागला. मेखा धरेनात. मग पिशव्यांत वाळू भरून त्या दोऱ्यांना बांधून पुरल्या.

भाकऱ्या सकाळी मऊसूत होत्या, त्या हवेनं दुपारीच पापड झाल्या होत्या. अण्णांना कडक भाकरी आवडते. त्यांनी ती पिठल्यात मोडून खाल्ली, ताटली चमचाभर पाण्यात बोटानं फिरवून धुतली आणि ते पाणीही पिऊन टाकलं. आमच्या दोघांच्या ताटल्यांना कागद लागले.

पाचला अंधार पडला की सकाळी सहापर्यंत करायचं काय, ही कॅम्पिंगची खरी अडचण कुणी सांगत नाही. तेरा तासांची रात्र. घमेल्यातला जाळ दोन तास पुरवला. आठच्या सुमाराला पूर्वेला तिकांडं वर आलं, म्हणजे मृगाच्या मधले तीन तारे. अण्णा मान वर करून बराच वेळ काहीतरी जुळवत होते. मग म्हणाले, "ध्रुव वर सरकलाय." आमच्या गावाहून इथला ध्रुव जवळजवळ दुप्पट उंच दिसतो. मी अकरा वर्षं इथं राहतोय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

शांतता म्हणाल तर निम्मीच. मोठी रेल्वेलाइन इथून जाते आणि मालगाड्या रात्रभर चालू असतात. इंजिनाचा दिवा दिसतो तेव्हा गाडी इतकी लांब असते की तो तारा वाटतो. मग हळूहळू खडखड येते, तीन-चार इंजिनं, आणि संपता न संपणारे डबे. नैऋत्येला ट्वेंटीनाइन पाम्सचा मरीन सैनिकांचा तळ आहे, तिकडून मधूनच दबका धमाका येतो आणि पोटात जाणवतो. मी अण्णांना तंबूत बोलावलं तर त्यांनी मागची सीट पाडली, घोंगडी टाकली आणि दार ओढून घेतलं. मुक्कामी गाडीत त्यांनी हजारएक रात्री काढल्या असतील. आम्ही दोघं तंबूत कुडकुडत होतो, पहाटे पारा 3 अंशांवर होता. गाडीतून घोरण्याचा आवाज येत होता.

सकाळी डांबरी लागल्यावर कॉम्प्रेसर बॅटरीला जोडून चारही टायर भरले, अर्धा तास गेला. तिथून केल्सोच्या वाळूच्या टेकड्या तासाभरावर. हे मोहावी राष्ट्रीय राखीव क्षेत्र, 1994 च्या कायद्यानं झालेलं, इथंही तिकीट नाही. सगळ्यात उंच टेकडी 650 फूट. मोहावी नदीनं आणलेली वाळू वाऱ्यानं उचलून इथं आणून टाकली. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. अण्णा निम्म्यावर थांबले, बूट काढून बसले.

ही वाळू गाते असं म्हणतात. कोरडी असेल तर, आणि माथ्यावरून तिचा थर घसरला तर. मी माथ्याच्या धारेवर बसलो आणि टाचा रोवत खाली सरकलो. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा आधी तळहातांना कळलं. बारीक थरथर. मग बुडाखालून जाड घुमणारा आवाज यायला लागला. मी थांबलो तरी वाळू सरकत होती तोवर तो चालूच होता. बायको वरून ओरडली, विमान आलं का? विमान नव्हतं.

खाली आलो तर अण्णा उभे राहिले होते. "ऐकलं का?" मी विचारलं.

"फलटणच्या घाटात भरल्या गाडीला फस्टवर घेतल्यावानी," ते म्हणाले. मग परत वर बोट केलं. "अजून एकदा जा की."

मी गेलो. तीनदा.

संध्याकाळी परत येताना कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. उतरायच्या आत मागचं दार उघडलं. अण्णा पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून व्हॉल्व्हमध्ये खिळ्याचं टोक दाबत होते. "अठरा म्हणालास न्हवं?"

दुसऱ्या रात्री वारा सुटला. पुरलेल्या पिशव्यांनी तंबू धरला, पण एक खुर्ची ओढ्यापलीकडे जाऊन पडली. रविवारी सकाळी राख पूर्ण गार झाल्याची हात घालून खात्री केली, ती पिशवीत भरली. त्या दुसऱ्या पिशव्या वेगळ्या डब्यात, गाडीच्या टपावर. अण्णांनी जागेवरून एक फेरी मारली, आमचा नसलेला बाटलीच्या काचेचा तुकडाही उचलला. निघायच्या आधी वाकून गाडीखाली बघितलं. ह्या भागातली कासवं सावलीला गाडीखाली येऊन बसतात. थंडीत ती बिळात असतात हे मी सांगितलं होतं, तरी त्यांनी बघितलं.

डांबरीवर पुन्हा कॉम्प्रेसर लावला. चारही झाल्यावर मी वायरी गुंडाळायला घेतल्या, तेवढ्यात अण्णांनी स्टेपनीच्या खणातून टॉमी काढली आणि एकेका टायरवर ठोकून कान देत निघाले. मागच्या डाव्याला दोनदा ठोकलं.

"हे मऊ हाय."

मी गेज लावला. 31.

"दोन मार अजून," म्हणाले, आणि पुढं जाऊन बसले.